सिलिअॅकचं निदान झाल्यावर: मराठी स्वयंपाकघरासाठी मार्गदर्शक

‘आता गहू आयुष्यभर बंद,’ असं डॉक्टरांनी सांगितलं की घरी पोचेपर्यंत एकच प्रश्न डोक्यात फिरत असतो: मग खायचं काय? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर सापडायला फार वेळ लागत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा हे सगळं आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. अवघड जातं ते वेगळंच. चपाती डोळ्यांना दिसते, ती ताटात घेतली नाही की झालं. पण गिरणीच्या दगडात राहिलेलं, चाळणीच्या जाळीत अडकलेलं, हिंगाच्या डबीत मिसळलेलं गव्हाचं पीठ दिसत नाही, आणि बहुतेकांची तब्येत तिथेच अडते. माझ्या मुलीला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हातल्या प्रथिनामुळे शरीर आपल्याच आतड्यावर उलटण्याचा आजार. घरात जे करत गेलो, डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडून जे समजून घेतलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. औषधांचे आणि तपासण्यांचे निर्णय अर्थातच तुमच्या डॉक्टरांचे.

१. आधी तपासणी, मग गहू बंद

तुम्हाला किंवा मुलाला सिलिअॅक असेल अशी नुसती शंका असेल, तर गहू अजून सोडू नका. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी शरीरातली जी प्रतिपिंडं मोजते, ती ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, पोटात जात असतानाच तयार होतात. गहू बंद केला की ती उतरायला लागतात, आतडंही भरून यायला लागतं, आणि मग रक्त तपासलं काय किंवा एंडोस्कोपी केली काय, धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. कुणाच्या सांगण्यावरून आधीच सोडला असेल, तर डॉक्टर पुन्हा काही आठवडे गहू खायला लावतात. जरा कुठे बरं वाटायला लागलेल्या माणसाला तो त्रास परत सोसायला लावणं फार जिवावर येतं.

टीटीजीबरोबर रक्तातलं एकूण आयजीए, म्हणजे प्रतिपिंडांचा एक प्रकार, तेही तपासून घ्या. सिलिअॅकच्या शंभर रुग्णांतल्या दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीएच कमी असतं. त्यांची टीटीजी-आयजीए चाचणी आजार असूनही नॉर्मल दिसू शकते. अशांसाठी आयजीजी प्रकारच्या चाचण्या असतात. मोठ्या माणसांत पुढची पायरी एंडोस्कोपीची. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे काढून तपासतात, तीच बायोप्सी. रिपोर्टवर ‘मार्श’ आणि पुढे आकडा दिसेल. मार्श ३ म्हणजे आतड्याच्या आतले केसांसारखे उंचवटे झिजून सपाट होत आले आहेत. लहान मुलांत टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं, असं २०२० ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ते ठरवायचं मात्र पोटविकारतज्ज्ञांनी.

बाजारात ‘फूड इंटॉलरन्स’च्या नावाखाली भल्यामोठ्या किमतीच्या चाचण्या विकल्या जातात. सिलिअॅकच्या निदानासाठी त्यांचा उपयोग नाही. तो पैसा घरगंटीसाठी, म्हणजे घरच्या छोट्या पिठाच्या गिरणीसाठी, ठेवा. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची चाचणी काही अडलेल्या प्रकरणांत कामाला येते, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ही जनुकं असलेली बहुतेक माणसं जन्मभर चपाती खाऊन ठणठणीत असतात. दोन्ही नसतील, तर मात्र सिलिअॅक असण्याची शक्यता जवळजवळ संपते.

आपल्याकडे निदान उशिरा होतं, कारण सगळ्यांना जुलाब होत नाहीत. कुणाचं हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही वर येत नाही, कुणाची उंची अडते, कुणाला वारंवार तोंड येतं, कुणाची पाळी उशिरा सुरू होते. घरात ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणतात, वैद्य ‘ग्रहणी’ म्हणतात, दवाखान्यात ‘आयबीएस’ लिहून देतात. त्यात हा आजार उत्तर भारतातला, असा समज आहे. गव्हावर वाढलेल्या उत्तरेत तो जास्त आढळतो हे खरं, पण मराठी घरांत तो नाही असं मुळीच नाही.

२. आतमध्ये काय चाललंय

गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिअॅक असलेल्या माणसात ती पोटात गेली की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. त्यामुळे हा गव्हाच्या अॅलर्जीपेक्षा वेगळा आजार. अॅलर्जीत अंगावर पित्त उठतं, दम लागतो, ते लगेच दिसतं. इथे नुकसान आत, गुपचूप होतं. आज खाल्लं आणि काही झालं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘सणाचा एक घास, काय होतंय’ म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

गहू आणि या आजाराचा संबंध लक्षात आणून दिला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धाच्या शेवटी, नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला. देश उपाशी होता, आणि या आजाराने खंगलेली मुलं मात्र सुधारू लागली. डिकेंना आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. आज इतक्या वर्षांनीही आहार हाच उपचार आहे.

आणि तो किती काटेकोर, हे आकड्यांत पाहिलं की पटतं. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बहुतेक रुग्णांना बाधत नाही, असं मानलं जातं. एका मध्यम चपातीत दोन ग्रॅमहून जास्त ग्लुटेन असतं. म्हणजे चपातीचा दोनशेवा भागसुद्धा मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. तळून, भाजून, उकळून, आंबवून ग्लुटेन निघून जात नाही. ते जंतूसारखं मरत नाही; ते घासून, धुऊन काढावंच लागतं.

३. पहिला आठवडा: भांडी

सगळं स्वयंपाकघर नवं करायची गरज नाही. स्टीलची, काचेची भांडी नीट घासली की चालतात. बदलायचं ते सच्छिद्र आणि खाचा असलेलं सामान: लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी काठवट, उलथनी, चरे पडलेलं नॉनस्टिक आणि चाळणी. चाळणी सगळ्यांत आधी. कणीक चाळलेल्या चाळणीच्या कडेला, जाळी जिथे पत्र्यात दुमडलेली असते तिथे, पिठाची एक पांढरट रेघ कायम बसलेली असते. ब्रशने घासली तरी ती पूर्ण निघत नाही. त्याच चाळणीतून ज्वारीचं पीठ चाळलं की ती रेघ भाकरीत उतरते. नवी चाळणी घ्या, तिच्या कडीला रंगीत दोरा बांधा, आणि कणकेला ती लावायची नाही हे घरातल्या प्रत्येकाला आणि स्वयंपाकाच्या ताईंना दाखवून ठेवा.

तवा वेगळा. वर्षानुवर्षं चपात्या भाजलेल्या लोखंडी तव्यावर जळकं पीठ बसलेलं असतं. तळणीचं तेलही वेगळं. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणे वडे तळले तर ते वडे चालत नाहीत. लोणी, जाम, लोणचं यांच्या बरण्यांत पावाला लावलेला चमचा परत जातो, म्हणून त्याही बरण्या वेगळ्या. फडताळात वरचा कप्पा सिलिअॅकवाल्याचा, खालचा बाकीच्यांचा. सांडलं तर खाली सांडतं.

घरात चपाती पूर्ण बंद करायची का? लहान मूल आजारी असेल तर निदान पहिलं वर्षभर बंद करावी, असं माझं मत आहे. मूल पोळपाटावरचं पीठ बोटाने टिपतं, भावंडाच्या ताटातलं उचलतं. शक्य नसेल तर क्रम पाळा: आधी भाकरी करून, झाकून, बाजूला ठेवायची, त्यानंतरच कणकेचा डबा उघडायचा. कणीक मळताना पीठ हवेत उडतं आणि खाली बसायला वेळ घेतं. ते उघड्या भाजीत पडतं, नाकातोंडातून पोटातही जातं. आजारी माणसाने त्या वेळी ओट्याजवळ उभं राहू नये.

४. दळण

इथे मी जरा थांबून लिहिते, कारण ‘आम्ही गहू कधीच बंद केला, तरी टीटीजी उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांच्या घरी मी पहिली चौकशी दळणाचीच करते.

गिरणीत काय होतं ते एकदा उभं राहून बघा. तुमच्या आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा होतो. गिरणीवाले दादा पिशवी झटकतात, दगडावर एक थाप मारतात, आणि तुमची ज्वारी वर ओततात. पहिलं मूठ-दोन मूठ पीठ सरळ गव्हाचं असतं. पुढचंही हळूहळू निवळत जातं. कापडी नळीच्या आतल्या घड्यांत तर आठवडाभराचा गहू बसलेला असतो. पुष्कळ गावांत गव्हाचा आणि ज्वारी-बाजरीचा दगड वेगळा असतो. ते नक्कीच बरं, पण हवेत पीठ तेच, डबा भरायची सुपली तीच. ‘आधी किलोभर तांदूळ दळून घेते, मग माझी ज्वारी’ हा उपाय पुष्कळ जणी करतात. त्याने प्रमाण कमी होतं, खात्री मिळत नाही.

खात्रीचा मार्ग घरगंटीचा. ती फक्त या धान्यांसाठी ठेवायची. शेजारच्या काकूंनी ‘जरा वाटीभर गहू दळून घेऊ का’ विचारलं तर हात जोडून नाही म्हणायचं. खर्च परवडत नसेल तर दोन-तीन सिलिअॅकची कुटुंबं मिळून एक गंटी घेऊ शकतात, किंवा थोड्या दळणासाठी मिक्सरचं वेगळं कोरडं भांडं चालतं; पीठ भरड येतं, पण धिरडी, आंबील, थालीपीठ छान होतं.

धान्य सुटं न घेता बंद पिशवीतलं अख्खं घ्या. दुकानात एकच माप गव्हाच्या पोत्यातून ज्वारीच्या पोत्यात फिरतं. घरी ताटात पसरून निवडायचं. ज्वारीत, मसूरडाळीत गव्हाचे दाणे सापडतात. रंगात फार फरक नसल्याने चांगल्या उजेडात बसावं लागतं. मग धुऊन, कडक उन्हात वाळवून दळायचं. एकावेळी आठ दिवसांपुरतंच. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. त्यात ग्लुटेन नसतंच, त्यामुळे चिकटपणा ताज्या पिठातून आणि गरम पाण्यातूनच आणावा लागतो. नव्याने शिकणाऱ्यांनी पाणी उकळून त्यात पीठ टाकावं, उकड झाकून ठेवावी आणि कोमट असताना भरपूर मळावी. ही भाकरी लाटताही येते. लाटताना खाली लावायची पिठी मात्र ज्वारीची किंवा तांदळाची. कित्येक घरांत सवयीने कणीकच भुरभुरली जाते.

बेसन आणि तांदळाची पिठी यांनाही हाच नियम. विकतचं घेतलं तर ज्या पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ असं स्पष्ट छापलेलं आहे तेच. भारतात हे शब्द छापण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने घालून दिलेली आहे.

५. दडलेला गहू

हिंग. बाजारातला बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं किंवा मैद्याचं. खड्याच्या रूपात आला म्हणून शुद्ध समजू नका. डबीवर घटक वाचा, तांदळाचं पीठ वापरलेला हिंग मिळतो, तो घ्या. मिळेपर्यंत हिंगाशिवाय फोडणी करा, लसूण जरा जास्त घाला. घरचा हिंग बदलला तरी लोणचं, पापड, गोडा मसाला, सांडगी मिरची, ताकाचा मसाला यांतला हिंग बाहेरचाच असतो. तो विसरला जातो.

मेतकूट. आजारी माणसाला आपण मऊ भात, तूप आणि मेतकूट देतो, आणि पारंपरिक मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर गहू भाजून घातलेला असतो. गव्हाशिवाय घरी करा. चवीत फार फरक पडत नाही.

थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत मूठभर गहू पडतो. चकलीची भाजणी तांदूळ-डाळींची, तरी विचारून घ्या. कुरडया म्हणजे गव्हाचा चीक, आणि त्या तळलेल्या तेलात नंतर साबुदाण्याच्या पापड्या पडतात. सातूच्या पिठात गहू असतो, आणि सातू हे जवाचंही नाव आहे, दोन्ही नकोत. रवा, शेवया, लापशी, दलिया, सोजी हे सगळं गव्हाचंच. हे लिहायला लागतं, कारण ‘गहू बंद’ सांगितल्यावर रव्याचा उपमा सुरू ठेवलेली घरं आहेत.

खपली गव्हाबद्दल स्पष्ट लिहिते. जुनं वाण, पचायला हलका, मधुमेहाला चांगला अशी त्याची ख्याती आहे आणि सांगली-कोल्हापूरकडे त्याची खीर आवडीने होते. पण खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. बन्सी, लोकवन, शरबती, सेंद्रिय, जात्यावर दळलेला, कुठलाही गहू सिलिअॅकमध्ये चालत नाही. गव्हांकुराचा रसही घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

पाकिटांवर हे शब्द शोधा: व्हीट, आटा, मैदा, सेमोलिना, बार्ली, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, राय. दुधात घालायच्या पुष्कळ पावडरी आणि साधे कॉर्नफ्लेक्स यांत माल्ट असतं, म्हणजे जव. सोया सॉसमध्ये गहू असतो. बिअर जवाची. आपल्या कायद्याने ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. तो बहुधा घटकांच्या यादीखाली ठळक अक्षरांत असतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवावं की तिथल्या अॅलर्जीच्या ओळीत गहू सांगणं सक्तीचं आहे, जव नाही. म्हणून माल्टसाठी पूर्ण यादी वाचावी लागते. ओट्स स्वतः वेगळं धान्य, पण शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हाबरोबर फिरतं, आणि शुद्ध ओट्सही काहींना सोसत नाहीत. सुरुवातीला सोडा, तब्येत स्थिरावल्यावर डॉक्टरांना विचारून ग्लुटेनमुक्त छापलेले घ्या.

औषधांच्या गोळ्यांतही स्टार्च असतो. बहुधा तो मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, तरी रोजच्या औषधांबद्दल कंपनीला विचारून घ्यावं. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र या भीतीने परस्पर बंद करू नका.

६. रोजचं ताट

न्याहारीला पोहे, तांदळाची घावनं, आंबोळ्या, नाचणीची आंबील, मुगाची धिरडी, साबुदाण्याची खिचडी. जेवणात भाकरी, भात, उसळ, पालेभाजी, ताक. आपल्या मुलखांत या आजाराला चालणारं खूप काही आहे: खानदेशातली कळण्याची भाकरी, कोकणातले तांदळाचे शिरवाळे नारळाच्या रसाबरोबर, विदर्भातला वडा-भात, घाटावरचा झुणका. त्याच मुलखांतल्या बट्ट्या, रोडगे, पानगे, मांडे मात्र सोडावे लागतात, आणि त्याचं वाईट वाटतं. वाटू द्या.

‘ग्लुटेन फ्री’ बिस्किटं, पाव, केक हे सणासुदीचं खाणं समजा. त्यात साखर आणि चरबी जास्त, चोथा कमी. आतडं सावरायला लागलं की भूक भरभरून लागते आणि मुलं या पाकिटांवर तुटून पडतात. त्यापेक्षा राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की, भाजलेले मखाणे बरे. नाचणी भरपूर खा. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असलेलं असं दुसरं रोजचं धान्य आपल्याकडे नाही.

सुरुवातीचे काही आठवडे दूध सोसत नाही, पोट फुगतं. झिजलेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं. दही-ताक बहुधा चालतं. आतडं भरून आलं की दूधही परत सुरू करता येतं. ते कायमचं सोडायची घाई नको.

७. सोबतचे आजार

आतडं अन्न शोषत नसतं, त्यामुळे निदानाच्या वेळी लोह, फॉलिक अॅसिड, बी१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मोठ्या माणसांत हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी डॉक्टर सुचवतात. कमी वयातही हाडं ठिसूळ झालेली निघतात. लोहाच्या गोळ्या आधी अंगी लागत नव्हत्या म्हणून निराश होऊ नका, आहार काटेकोर झाला की त्याच गोळ्या काम करू लागतात. फारच कमी असेल तर शिरेतून लोह देतात.

थायरॉइडचा हाशिमोटो प्रकार आणि टाइप १ मधुमेह हे सिलिअॅकचे नेहमीचे सोबती. तिन्हींत शरीर स्वतःवरच उलटलेलं असतं. त्यामुळे टीएसएच तपासावं, आणि टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांची सिलिअॅकची चाचणी करावी. इथे एक गोष्ट घरच्यांना आधीच माहीत हवी: आहार बदलल्यावर शोषण सुधारतं, त्यामुळे थायरॉइडच्या गोळीचा आणि इन्सुलिनचा डोस पुन्हा जुळवावा लागू शकतो. मधुमेही मुलाचा गहू बंद करताना मधुमेहाच्या डॉक्टरांशी त्याच आठवड्यात बोला.

कोपर, गुडघे, कुल्ले यांवर खूप खाजणारे बारीक फोड येत असतील तर ते डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस असू शकतं, म्हणजे सिलिअॅकच त्वचेवर उमटलेलं. नायट्याचं मलम लावत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांकडून बायोप्सी करून घ्या. त्यावर डॅप्सोन हे औषध देतात, पण ते सुरू करण्याआधी जीसिक्सपीडी या रक्तातल्या विकराची चाचणी हवी, आणि गहू तरीही बंदच.

दिवस राहत नसतील, वारंवार गर्भपात होत असतील, तर बाकीच्या तपासण्यांबरोबर टीटीजीची आठवण डॉक्टरांना करून द्या. घरात सुनेला दोष देत बसण्यापेक्षा ही एक रक्तचाचणी केव्हाही बरी. यकृताची एन्झाइम्स विनाकारण वाढणं, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, दातांच्या वरच्या थराला डाग-खड्डे, सतत उदास वाटणं, याही तक्रारींची मुळं कधी कधी इथे सापडतात. लशींबद्दलही विचारा: न्यूमोकोकसची लस पुष्कळ रुग्णांना सुचवतात, आणि हेपटायटिस बीच्या लशीचा प्रतिसाद या आजारात कमी असू शकतो.

८. घराबाहेर

हॉटेलात ‘ग्लुटेन’ हा शब्द वापरू नका. ‘गहू, रवा, मैदा चालत नाही, आजार आहे’ असं म्हणा. इडली, साधा डोसा बहुधा बरा, पण पिठात रवा-मैदा घालतात का ते विचारा. सांबारात हिंग असतो. मासे रव्यात घोळवलेले असतात. मालवणी आणि गोव्याच्या खानावळीत आधी सांगितलं तर तांदळाच्या पिठात, स्वच्छ तव्यावर करून देतात. पंजाबी भाज्यांचा रस्सा मैद्याने दाट केलेला असू शकतो. मिसळीतून पाव काढला तरी फरसाण उरतंच.

नातेवाइकांकडे जाण्याआधी फोन करा, आणि काय नको याआधी काय चालतं ते सांगा. ‘काकू, वरण-भात, तूप, कोशिंबीर मी पोटभर खाईन. फक्त वरणाला हिंगाची फोडणी द्यायच्या आधी माझ्यापुरतं वाटीभर काढून ठेवाल का?’ असं म्हटलं की काकूंनाही काम सोपं होतं. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. तीर्थ आणि केळं घ्या, किंवा आपल्या घरची पूजा असेल तर सगळ्यांसाठीच राजगिऱ्याचा शिरा करा. उकडीचे मोदक, अनारसे, बेसनाचे लाडू, श्रीखंड, तिळगूळ, जिथे पीठ लागतं तिथे घरच्या पिठाने, बिनधास्त. होळीला मुलीसाठी आम्ही पुरण वाटीत वाढतो, वर तुपाची धार.

वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी धर्मगुरूंशी बोलावं. कम्युनियनची भाकर गव्हाची असते. अत्यल्प ग्लुटेनची भाकर किंवा फक्त द्राक्षारस घेण्याची मुभा कॅथलिक चर्चने दिलेली आहे.

शाळेत वर्गशिक्षिकांना एक पानभर मराठीत लिहून द्या: काय चालत नाही, वाढदिवसाच्या केकच्या वेळी काय करायचं, डबा वाटून खायचा नाही. मुलाच्या आवडीचा खाऊ एका डब्यात शाळेतच ठेवायला द्या, म्हणजे केकच्या दिवशी त्याच्याही हातात काहीतरी असतं. खेळायच्या रंगीत मातीत गव्हाचं पीठ असू शकतं. खेळल्यावर हात धुतले पाहिजेत.

प्रवासात सोलापुरी कडक भाकरीला तोड नाही. ज्वारीची, पापडासारखी कुरकुरीत, दिवसेंदिवस टिकणारी. शेंगाचटणी आणि दही मिळालं की जेवण झालं. मात्र पीठ कुठे दळलं, हा प्रश्न तिलाही विचारायचा. आम्ही घरच्या पिठाची भाकरी मंद तव्यावर दाबून कडक करून नेतो. विमानात ग्लुटेनमुक्त जेवण मिळतं, पण दोन दिवस आधी नोंदवावं लागतं, आणि तरी पिशवीत आपलं काहीतरी असावं.

९. पुढची वर्षं, आणि सुधारणा दिसत नसेल तर

साधारण सहा महिन्यांनी आणि वर्षाने टीटीजी पुन्हा तपासतात, मग दरवर्षी. आकडा हळूहळू उतरतो. सुरुवातीला फार जास्त असेल तर नॉर्मल व्हायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. मुलांचं आतडं लवकर भरून येतं, मोठ्यांना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. मुलांच्या बाबतीत उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी भिंतीवर नाही तर वहीत लिहा. डॉक्टरांना तो आलेख फार उपयोगी पडतो.

आकडा अडला असेल, तर आधी दळण, मग हिंग, मग बाहेरचं खाणं, मग औषधं, याच क्रमाने आठवडाभर सगळं लिहून काढा आणि आहारतज्ज्ञांसमोर ठेवा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. मुलं मित्रांबरोबर वडापाव खातात आणि घरी सांगायला घाबरतात. ती भीती आधी काढा, रागावून उपयोग नाही. आहार खरोखर चोख असूनही जुलाब, वजन घटणं, रक्त कमी होणं सुरूच राहिलं तर पोटविकारतज्ज्ञांकडे परत जा. आतड्यात जंतूंची जास्त वाढ, स्वादुपिंडाचा अशक्तपणा किंवा क्वचित आहाराला दाद न देणारा सिलिअॅक यांची तपासणी ते करतात.

आणि आई, वडील, भावंडं, मुलं यांची टीटीजी करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी. रुग्णाच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार सर्वसाधारण माणसापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. घरात भाकरी सुरू झाल्याने सगळ्यांचा गहू आपोआप कमी होतो, म्हणून ही तपासणी पहिल्याच महिन्यात, बाकीचे अजून चपाती खात असतानाच उरकून घ्या.